शाई तीच आहे

हे आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडले तरी बाकीची बारीकसारीक पापं भराभरा सांगते, आणि ह्या एकापाशी आले की उदबत्तीची राख झाडत बसते. मग तुम्हाला काहून सांगून राहिले? तुम्ही ताईंना ओळखत नाही, म्हणून असेल. तुमच्याकडून त्यांना कळायची भीती नाही. बघा, सुरुवातीलाच माझा भित्रेपणा दिसला तुम्हाला.

ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. मी लग्न होऊन रायपूरला, बूढापाऱ्यातल्या ह्या घरात आले तेव्हा त्या आधीपासून इथंच होत्या. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, माहेरी परतल्या, शाळेत चित्रकला शिकवायला लागल्या. आवाज कमी, हात मात्र असा की खोडरबराच्या तुकड्यावर अर्ध्या ब्लेडनं बोराची फांदी कोरायच्या आणि बोरं मोजून घ्या म्हणायच्या.

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू मोठं असतं. इथल्या मराठी बायका, कोणी रेल्वेतल्या, कोणी पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, चाळीसेक तरी येतात. दुसऱ्यांकडे वाण म्हणून प्लास्टिकचे डबे नाहीतर चाळण्या असतात. आमच्याकडे तिळगुळाच्या पुडीसोबत हातानं केलेलं कार्ड. ही ताईंची कल्पना. डिसेंबर लागला की गच्चीवर उन्हात चटई टाकायची. त्या दर वर्षी नवा ठसा कोरायच्या — एका साली पतंग, एका साली सिगडीपाशी अंग चोरून बसलेली मांजर. मी तो शाईच्या पॅडवर टेकवून कार्डांवर छापायची, आणि मग त्या मार्करनं रंग भरायच्या. छापणं माझ्याकडे, रंग त्यांच्याकडे. छापायला काय लागतं? दाबायचं आणि उचलायचं.

आणि संक्रांतीला ताई आतल्या खोलीत बसायच्या. कोणी मनाई केली नव्हती. मी तर चारचौघींत मोठ्या तोऱ्यात सांगायची, आमच्याकडे असलं काही मानत नाहीत बाई. पण त्या आपणहून आत जायच्या, दार अर्धं लोटून. मी जरीची साडी नेसून दाराशी करंडा घेऊन उभी. बायका यायच्या, कुंकू लावून घ्यायच्या, वाण घ्यायच्या, कार्ड उघडून बघायच्या — आणि सगळ्याच्या सगळ्या आत जायच्या. "ताई, मांजरीचे डोळे कसे हो जमवले?" आत हसणं चालायचं, खाटेवर जागा पुरायची नाही. बाहेर मी, मसाला दुधाचे पेले आणि माझी जरीची साडी.

कळलं न आता? मी एका विधवा बाईचा हेवा केला. माझ्याकडे नवरा, मुलगी, घराच्या किल्ल्या. त्यांच्याकडे वर्षातला एक दिवस आणि बारा मार्कर. तेवढंही मला पाहवलं नाही. मुलगी भिलाईहून फोनवर विचारायची, "मम्मी, आत्या का कार्ड भेजा क्या?" मी छापलेलं, मी पाकिटात घातलेलं, मी पोस्टात टाकलेलं. तरी आत्याचं.

सात वर्षं झाली. त्या साली ताईंनी जो ठसा कोरला तसा आधी कधी कोरला नव्हता. कोवळ्या उन्हात पाय पसरून बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात तीळ. सुपाच्या विणीची एकेक रेघ वेगळी दिसत होती. तीन आठवडे लागले त्यांना.

आता एक गोष्ट सांगावी लागते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ह्या कामाची शाई वेगळी असते. वाळली की वाळली, वरून मार्कर फिरवा, रेघ हलत नाही. ऑफिसात शिक्के मारायची शाई तशी नसते. ती वाळल्यासारखी दिसते, पण मार्करचं टोक लागलं की पसरते आणि रंगात काळं उतरतं. आमचं चांगलं पॅड सुकत आलं होतं. ताईंनी तीनदा सांगितलं होतं, गोलबाजारातून नवं आण. मी आणलं नाही. आळस, दुसरं काय. त्या सकाळी त्यावरून ठसा उठेना, तर नवऱ्याच्या टेबलाच्या खणातलं ऑफिसचं पॅड काढलं आणि ताईंची आंघोळ होईस्तोवर डझनभर कार्डं छापून टाकली. इथवर नुसती चूक होती. इथवरच राहिलं असतं तर मी आज तुमच्यापुढे बसले नसते.

दुपारी ताई रंगवायला बसल्या. पहिल्याच कार्डावर सुपाची वीण फिसकटली. दुसऱ्यावर बाईचा चेहरा काळवंडला. मी शेजारी तिळातले खडे काढत होते. मला एका नजरेत कळलं. ताईंनाही शंका आलीच — कामात मुरलेली बाई ती. चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सुधा, शाई तीच आहे न?"

मी म्हटलं, "तीच आहे, ताई."

का म्हटलं? त्या क्षणी तर बोलणी बसतील म्हणून. पण खरं खोटं करून पाहायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मी छापते म्हणजे नीटच छापते, हे त्यांनी धरून चाललेलं. त्यांनी मान हलवली, आणि मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. पालथा केला, सुलटा केला. "मग माझा हातच हलून राहिला वाटते," म्हणाल्या.

मी तिळातला पुढचा खडा वेचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोलबाजारात गेले. नवं पॅड आणलं, चांगलं, आपल्या कामाचं. घरी आले, ते तांदळाच्या डब्यात खाली खुपसलं — आणि उरलेली कार्डं ऑफिसच्या पॅडनं छापली. हे आहे. हेच सांगायला इतकी फिरले मी. कालची चूक होती, आजचं मी ठरवून केलं. शांतपणे केलं. एकेक ठसा सरळ, चारही बाजूंनी सारखा दाबून. माझ्या हातून इतकं सुबक काम कधी झालं नव्हतं.

ताईंनी डाव्या हातानं उजवं मनगट धरून रंगवलं. श्वास रोखून. चार कार्डं केली, चारही गेली. पाचवं घेतलं नाही. मार्करांची झाकणं एक एक करून लावली, नीट कट्ट आवाज येईस्तोवर, आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मी बोलले असते का? असं मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. नसते बोलले.

त्या संक्रांतीला मी स्टीलच्या वाट्या वाटल्या. बायकांनी विचारलं, कार्ड नाही का या वर्षी? मी प्रत्येकीला दाराशीच, आवाज खाली घेऊन सांगितलं, "ताईंचा हात हलतो आता." प्रत्येकीला. चेहऱ्यावर कळवळा आणून. आत जाऊन काय बोलावं हे कोणाला कळेना, म्हणून बऱ्याच जणी गेल्याच नाहीत. माझ्यापाशी थांबल्या. दूध प्यायल्या, साडीचा पदर हातात घेऊन पाहिला.

कसं वाटलं विचारा. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी बरं वाटलं.

पुढच्या वर्षी तांदळातलं पॅड काढलं, तोच ठसा घेतला, आणि छापणं, रंगवणं दोन्ही मीच केलं. रेघ जागची हलली नाही. ताईंनी कार्ड खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिलं. "किती साफ हात आहे ग तुझा," म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर मी तो धरून बसले असते, त्यावर चार वर्षं भांडले असते.

मधल्या काळात नवऱ्यानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावला, कागदावर गोल काढायला लावला, म्हणाले हाताला काहीही झालेलं नाही. ताई रिक्षात हसल्या म्हणे. "भला माणूस आहे. म्हाताऱ्या माणसाचं मन राखते." मग हळूहळू चहाचा ट्रे उचलणं सोडलं. वरण चमच्यानं खायला लागल्या, सांडेल म्हणून. सुईत दोरा मला ओवायला सांगतात. शाळेतल्या जुन्या मुली भेटायला आल्या की हात पदराखाली घेतात. जो हात कधी हललाच नाही, तो त्या सात वर्षं झाकून राहिल्या आहेत.

मी सांगू शकले असते. कितीदा? रोज. एक कार्ड, दोन पॅडं, एक मार्कर — दोन मिनिटांचं काम होतं. आजही आहे.

ह्या डिसेंबरात गच्चीवर चटई टाकली तर ताई आपणहून येऊन बसल्या. म्हणाल्या, रंगवणं तू कर, मी छापते, तेवढं जमेल मले. तेव्हा आता कामं उलटी झाली आहेत. त्या तोच सुपाचा ठसा पॅडवर टेकवतात, कार्डावर ठेवतात, दोन्ही हातांनी दाबतात, उचलतात. आणि दर कार्डाला विचारतात, "हलला का ग हात?"

मी कार्ड उन्हात धरून पाहते. सुपाची वीण जशीच्या तशी, तीळ मोजून घ्यावेत अशी.

"नाही ताई. जराही नाही हलला."

ताई हसतात. माझ्या गुडघ्यावर थोपटतात. "राहू दे, सुधा. मन राखतेस तू माझं," म्हणतात, आणि पुढचं कार्ड ओढून घेतात.