बाबांचा व्हर्नियर आणि माझा डावा हात

माझ्या डाव्या हाताची आमच्या घरी दोन दिवस, दोन-दोन शिफ्टमध्ये तपासणी झाली आणि हात जवळजवळ नापास झाला.

तपासणारे होते माझे काका. ते चाकणला एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहेत. गाड्यांचे सुटे भाग त्यांच्या टेबलावरून पास झाल्याशिवाय पेटीत जात नाहीत. (घरात आलेली कोथिंबिरीची जुडीही ते उजेडात धरून फिरवून बघतात.) माणसाचा हात मात्र त्यांच्या टेबलावर पहिल्यांदाच आला होता, आणि तो मीच नेऊन ठेवला होता.

मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होते. स्कॉटलंडमधल्या एका रुग्णालयात चार आठवडे वॉर्डात शिकायला मिळावं, म्हणून मी अर्ज केला होता. अर्जाच्या वेळी बाबा शेजारी बसले होते. पत्र आलं, तेव्हा त्यांना जाऊन पाच महिने झाले होते.

पत्र वाचून मी आनंदाच्या आधी घाबरले. विमानाला घाबरले, थंडीला घाबरले, तिथल्या रुग्णांचं इंग्रजी आपल्याला कळणार नाही याला घाबरले. महाळुंग्याच्या घरात संध्याकाळी आई माणसांत असूनही एकटीच टीव्ही लावून आणि त्याच्याकडे पाठ करून भाजी निवडेल, या चित्राला तर फार घाबरले. पण इतक्या सगळ्या भीत्या एकदम सांभाळता येत नाहीत. भीतीला बसायला एक जागा लागते. माझी भीती फॉर्ममधल्या सातव्या प्रश्नात जाऊन बसली.

सातवा प्रश्न क्षयरोगाच्या चाचणीचा होता. हाताच्या आतल्या बाजूला कातडीत एक बारीक सुई देतात आणि दोन-तीन दिवसांनी तिथे आलेली गाठ मिलिमीटरमध्ये मोजतात. दहा किंवा त्याहून जास्त आली, तर पुढच्या तपासण्या. आणि त्या पूर्ण होईपर्यंत तुमची जागा राखून ठेवली जाणार नाही, असं खाली अत्यंत नम्र भाषेत लिहिलेलं होतं.

सोमवारी सकाळी रावेतच्या एका दवाखान्यात मी सुई घेतली. तिथल्या डॉक्टर बाईंनी सांगितलं, "बुधवारी दुपारी दाखवायला ये. तोवर खाजवू नकोस, चोळू नकोस, काही लावू नकोस." बुधवारपर्यंत यातली एकही गोष्ट करायची आमच्या घरात राहिली नाही.

संध्याकाळी हातावर लाल डाग उमटला. मी मोजपट्टी लावून पाहिलं. एका हाताने पट्टी धरून आकडा काही वाचता येईना. काका चहा पीत बसले होते.

"काका, हे किती असेल हो?"

"अंदाज कशाला? मापात घेऊ की." त्यांनी कप खाली ठेवला. "वहिनी, दादाचा व्हर्नियर कुटं हाय?"

आई आत गेली. बाबा कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला होते, आणि त्यांचा व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भागही दाखवणारं जबड्याचं माप, लाकडी पेटीत, तेलाचा हात दिलेल्या फडक्यात गुंडाळलेला असे. ते गेल्यापासून पेटी कुणी उघडली नव्हती. आईने ती दोन्ही हातांनी आणली.

काकांनी आधी माझा हात पुसला, मग व्हर्नियर पुसला, मग चष्मा. एक माप आडवं घेतलं, एक उभं, एक तिरकं.

"सात. लिमिट काय म्हनलीस?"

"दहाच्या आत पाहिजे."

"मंग भरपूर जागा हाय. पन ट्रेंड बगावा लागंल." त्यांनी कंपनीतला एक कोरा तक्ता काढला, वर 'भागाचे नाव' या रकान्यात 'डावा हात' लिहिलं आणि 'संख्या' या रकान्यात 'एक'.

मंगळवारी पहिल्या शिफ्टला जायच्या आधी त्यांनी पुन्हा मोजलं. नऊ पॉइंट सहा.

"वाढतंय," काका म्हणाले.

"व्हर्नियर दाबून धरताय तुम्ही," मी म्हणाले.

"सव्वीस वर्सं झाली मला. मी दाबत न्हाई."

आता या प्रकरणात आत्या शिरल्या. बाबांची थोरली बहीण. बाबांच्या दिवसांना आल्या, त्या आईच्या सोबतीला राहिल्या होत्या. वर्षश्राद्ध व्हायच्या आत घरातलं माणूस एवढं लांब जाऊ नये, असं त्यांचं पहिल्यापासून मत. त्यांनी डाग पाहिला, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "मी सांगतच व्हते. नगं म्हनतोय तो."

"कोण?"

"कोन काय इचारतीस? तुजा बाप."

हे ऐकून मी हसायला हवं होतं. मी चार वर्षं मोठमोठी पुस्तकं वाचलेली मुलगी. मी खोलीत जाऊन रडले आणि रडता रडता झोपले. दुपारी जागी झाले, तेव्हा हात जड वाटत होता. मनगटापासून कोपरापर्यंत आंबेहळदीचा जाड लेप बसला होता आणि आत्या शेजारी वाटी घेऊन समाधानाने बसल्या होत्या.

"आत्या, काही लावायचं नव्हतं हो!"

"सूज हाय तर आंबेहळद न्हाई लावायची? डाक्टरकीत हेबी शिकवत न्हाईत व्हय?"

"तुम्हालाच तर मी जायला नको होतं ना?"

"जाऊ नगंस म्हनले. हात सुजू दे, असं कुटं म्हनले?"

मी मोरीत गेले आणि साबण लावून हात घासला. मग पुन्हा घासला. हळद गेली नाही. वरची कातडी मात्र बरीच गेली. काका कामावरून आले, डबासुद्धा खाली न ठेवता हात बघायला बसले.

"आक्का, ह्याला कलर कुनी मारला?"

"औषध हाय ते."

"आता कड कुटनं धरू मी? लाल कुटं संपतंय आन पिवळं कुटं सुरू व्हतंय, काय कळंना." शेवटी त्यांनी मला अंगणात नेलं आणि उतरत्या उन्हात माप घेतलं. अकरा पॉइंट दोन.

तक्त्यावर त्यांनी आकडा लिहिला. पुढच्या रकान्यात 'रिजेक्ट' लिहायचं असतं. ते लिहायला त्यांचा पेन उचलेना. त्यांनी 'होल्ड', म्हणजे 'सध्या बाजूला ठेवा', लिहिलं.

बुधवारी सकाळी शेवटचं माप. आम्ही चौघं माझ्या हाताभोवती असे बसलो होतो, की बाहेरच्याने पाहिलं असतं तर विचारलं असतं, कोण गेलं? काकांनी तिन्ही मापं घेतली. "धा पॉइंट तीन."

काकांनी सवयीने व्हर्नियर मिटवला, डोळ्यांजवळ नेला आणि थांबले. "वहिनी, ह्यो पडला व्हता का कदी?"

"एकदा, कट्ट्यावरून," आई म्हणाली. "फार हळहळले होते."

"मिटल्यावर शून्य दाखवायला पायजे. ह्यो न्हाई दाखवत." त्यांनी पेटी पालथी केली, फडकं काढलं. झाकणाच्या आत कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली होती. बाबांचं बारीक, सरळ अक्षर. 'पडल्यापासून ०.४ जास्त दाखवतो. वजा करावे.'

ते अक्षर आम्ही चौघांनी पुन्हा पुन्हा वाचलं.

"म्हणजे किती?" आईने विचारलं.

"नऊ पॉइंट नऊ," काका म्हणाले. "पास हाय."

आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. "बगा. माज्या भावानं पास केली तिला." (मंगळवारचं मत त्यांनी इतक्या सहज मागे घेतलं, की मला त्यांचा हेवा वाटला.) आई उठली आणि चहा ठेवायला गेली. बराच वेळ नुसता नळ वाहत राहिला.

काकांनी त्या दिवशी सुट्टी टाकली आणि दुपारी मला गाडीवर रावेतला नेलं. तक्ता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे दिला होता. डॉक्टर बाईंनी माझा पिवळा, सोललेला हात पाहिला. मग तक्ता पाहिला. मग पुन्हा हात.

"हे कुणी केलं?"

"मी," काका म्हणाले.

"मापं फार व्यवस्थित घेतलीत तुम्ही. फक्त चुकीच्या गोष्टीची घेतलीत." त्यांनी बोट फिरवून डाग चाचपला, पेनाने दोन रेघा मारल्या आणि पारदर्शक पट्टी ठेवली. "लाल रंग मोजायचा नसतो. बोटाला कडक लागतं तेवढंच मोजायचं. पाच मिलिमीटर." मग माझ्याकडे वळल्या. "तू कितव्या वर्षाला?"

मी उत्तर जमिनीकडे बघून दिलं.

हे मला माहीत नव्हतं, असं नाही. महिन्यापूर्वीच्या तोंडी परीक्षेत मला नेमका हाच प्रश्न आला होता आणि मी न अडखळता उत्तर दिलं होतं. मग दोन दिवस ते कुठे गेलं होतं? परतताना तळवड्याच्या सिग्नलला मला वाटून गेलं, की हात नापास झाला असता, तर आईला सोडून जावं लागलं नसतं आणि भित्रीही कुणी म्हटलं नसतं. मला जे माप हवं होतं, तेच मी मोजून घेत होते.

सिग्नल सुटला. काका मान न वळवता म्हणाले, "म्हंजी पाचाच्या मालाला आमी दोन दिवस होल्ड मारून बसलो व्हतो."

"हो."

"आन आपल्या घरात डॉक्टर कोन म्हनलीस?"

निघायच्या दिवशी मी व्हर्नियरची पेटी पुन्हा उघडली. बाबांचं अक्षर एकदा बघून जावं, एवढंच मनात होतं. चिठ्ठी तिथेच होती. तिच्याखाली काकांच्या हाताने, कंपनीच्या निळ्या पेनाने, एक ओळ वाढली होती.

'पोरगी भ्याली की ५ जास्त दाखवते. वजा करावे.'