एकनाथरावांनी मोडून दिलेली चावी

रोज रामनाम लिहून झालं की वहीच्या उरलेल्या अर्ध्या पानावर मी दिवसाची नोंद करते. मंगळवारपासून ते अर्धं पान कोरंच राहिलं. आज लिहायचं तर एकनाथरावांबद्दलच लिहायला हवं.

जामबागेत शाळेच्या भिंतीला टेकून त्यांचं चाव्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं कपाट, चावी कापायचं मशीन आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्यांचे वडील भालकीहून इथं आले आणि कोठी बाजारातल्या दुकानदारांची कुलपं दुरुस्त करत जगले. एकनाथरावांनी त्यालाच गाड्यांच्या चाव्यांची जोड दिली. आता साठी उलटली आहे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली असते. त्यांची एक रीत आहे. पहिली कापणी चुकली तर ती चावी ते टाकून देत नाहीत. गिऱ्हाइकासमोर तिचे दोन तुकडे करतात आणि कागदात बांधून त्यालाच देतात. "चावीवाल्याजवळ कुणाच्या घराचं दार ऱ्हाऊ नये," असं त्यांचे वडील म्हणायचे.

आमच्या गाडीची चावी साधी, लांब. ह्यांच्या सदऱ्यांचे खिसे तिनं फाटायचे. त्यात संधिवातानं बोटं आखडली, तेव्हापासून दारात ती फिरवणंही जमेना. मीच म्हटलं, एकनाथरावांकडून दुमडती रिमोटची करून घेऊ. एक बटण दाबलं की पातं बाहेर येतं, दुसरं दाबलं की चारी दारं उघडतात. सोमवारी गाडी घेऊन गेलो. जुन्या चावीच्या डोक्यात गाडीला ओळख पटवणारी बारीक चिप असते. ती काढून नव्या चावीत बसवताना ते म्हणाले, "बाई, बघून घ्या." मी स्टुलावर माळ घेऊन, डोळे मिटून जप करत होते. हो हो म्हटलं. मशीन दोनदा चाललेलं तेवढं ऐकलं. जुनी चावी आणि एक कागदाची पुडी त्यांनी माझ्या पिशवीत घातली. ह्यांनी तिथंच उभं राहून दारं दहा वेळा उघडबंद केली.

नवी वस्तू देवाला दाखवल्याशिवाय आमच्याकडे वापरत नाहीत. तिथवर ठीक होतं. पण मंगळवारी सकाळी देव ताम्हनात बसलेले, हातात पळी, आणि वाटलं, चावीलाही होऊन जाऊ दे. तिच्यावर पळीभर पंचामृत घातलं. मग पुसून, कुंकू लावून खुंटीला टांगली.

दुपारी ह्यांनी बटण दाबलं, तर पातं अर्धं येऊन थांबलं. दारं हललीच नाहीत.

"तुझे एकनाथराव," हे म्हणाले, "कालपर्यंत फार सज्जन होते."

ते मला झोंबलं. तशीच रिक्षा करून जामबागेत गेले. मागच्या गल्लीतल्या हॉस्टेलचे मॅनेजर अप्पाराव स्टुलावर बसले होते. नकला करून घ्यायला आणलेला सगळ्या खोल्यांच्या चाव्यांचा जुडगा मांडीवर होता. आणखी दोघंतिघं उभे होते.

"हलका माल घातलात, एकनाथराव," मी म्हणाले. "आणि काल दोन चाव्या कापल्यात, मी ऐकलं. एक दिलीत. दुसरी ठेवून घेतलीत का?"

अप्पारावांना कळलं नसेल म्हणून तेच मी पुन्हा हिंदीतून म्हणाले. रागात त्यांची रीत आठवलीच नाही. हे लिहिताना हात थांबतोय, पण म्हणाले.

अप्पारावांनी जुडगा पिशवीत टाकला. "मैं बाद में आता, एकनाथराव," म्हणून ते उठले.

एकनाथरावांनी चावी हातात घेतली. चावीचा स्क्रू काढला. आतून एक मुंगी बाहेर आली. कडेला वाळलेलं दही होतं, कुंकवाचा लाल डाग होता. उभ्या माणसांना दिसू नये म्हणून ते भिंतीकडे वळले आणि हळूच म्हणाले, "बाई, देवाजवळ ठेवली होती काय?"

मी म्हणाले, "नाही."

"हौ. मग ओल गेली असंल," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझंच झाकण नीट बसलं नाही." आतला भाग बदलून, पातं पुसून त्यांनी चावी हातात दिली. ती घेऊन मी तशीच घरी आले.

संध्याकाळी पिशवी रिकामी करताना ती पुडी निघाली. आत मोडलेल्या चावीचे दोन तुकडे होते. वही उघडली, 'रा' लिहिला, पुढं पेन सरकेना. सकाळी देवाला न्हाऊ घातलं ते हेच हात, आणि दुपारी खोटं बोललं ते हेच तोंड.

चार दिवस काढले. आज आधी हॉस्टेलवर गेले. अप्पारावांना ते तुकडे दाखवले, मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"काम तो दूसरे कू दे दिया अम्मा," ते म्हणाले. "परसोंइच."

तिथून एकनाथरावांकडे. तीन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत थांबावंसं वाटलं. थांबले नाही.

"मी खोटं बोलले, एकनाथराव. पंचामृत घातलं होतं चावीवर. आणि तुम्ही काही ठेवून घेतलं नव्हतंत. हे बघा तुकडे."

एक गिऱ्हाईक हसलं. एकनाथराव हसले नाहीत. "मधाचा वास आला होता, बाई. आमच्या आईनं नव्या रेडिओला न्हाऊ घातलं होतं. बाप आठ दिवस बोलला नाही तिच्याशी."

"अप्पारावांकडे जाऊन आले. त्यांनी काम दुसरीकडे दिलं."

ते मशीनवरचा कीस फडक्यानं झाडू लागले. "बापाच्या वेळचं गिऱ्हाईक होतं ते," म्हणाले.

मी घराच्या दाराची चावी काढून पुढं केली. "हिची अजून एक करून द्या."

"नड हाय का?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मशीन सुरू केलं. पहिली कापणी केसभर चुकली. त्यांनी ती चावी पकडीत धरली, आणि दाबण्याआधी थांबले.

"बघा, बाई."

मी हातातली माळ पिशवीत ठेवली आणि तुकडे पडेपर्यंत बघत राहिले.