वहिनीचं रामफळ

रामफळ आणि सीताफळ ही दोन्ही झाडं मूळची अमेरिकेतली, हे मला म्हातारपणी कळलं. आमच्या सेनगावकडच्या गावात ती रामसीतेचीच समजत.

माझ्या परसात सीताफळ होतं, भिंतीपलीकडे चुलतवहिनीचं रामफळ. सीताफळ दिवाळीच्या आगंमागं पिकायचं, तेव्हा माळावरही सीताफळंच सीताफळं. माझी कोण विचारणार? वरून खडबडीत, आत नुसत्या बिया. रामफळ मात्र शिवरात्रीला, बाकी काही फळ नसताना यायचं. तांबूस, गुळगुळीत. वहिनी गल्लीभर फोडी वाटायची. माझी बायको मला ऐकवायची, "आपल्या फळाच्या मेल्या बियाच थुकत बसावं लागतं."

मला ते झाड डोळ्यांसमोर नको झालं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात वहिनीनं झाडाला घालायचं खरकटं पाणी म्हशीला पाजलं. उन्हाळ्यात रामफळाचं पानन् पान झडलं. माझ्या सीताफळाचंही झडलं होतं, पण ते दर वर्षीच झडायचं. झाडांतलं मला कळतं असा गावात माझा लौकिक, म्हणून वहिनीनं बोलावलं.

"भाऊजी, बघा बरं. वाळलं का हो हे?"

मी नखानं साल खरवडली. आत हिरवंगार होतं. मी त्यावर अंगठा ठेवला.

"गेलं, वहिनी. आता सरपणच."

"काहून गेलं असंल? म्या तर लेकरावानी जपलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी तिनं ते तोडवलं. कुऱ्हाडीचा आवाज मी घरात बसून ऐकला आणि मला बरं वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात बुंध्याला कोंब फुटले. आता वहिनी मला विचारणार, या धास्तीनं मी परसात जाईना. ती भिंतीवरून हाक मारून म्हणाली, "भाऊजी, मुळी जित्ती व्हती की! तुमाला तरी कसं कळंल, वरून तर समदं वाळलंच व्हतं."

तिनं कोंबांना काट्यांचं कुंपण केलं. काही वर्षांनी फळ धरलं. पहिलं फळ पदराखाली झाकून ती आमच्याकडे घेऊन आली. "तुमाला बी वाईट वाटलं व्हतं ना तवा," म्हणाली आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली.

"कसं हाय?"

"जरा पिठूळ आहे," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. वहिनी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी साल आतून हिरवी होती, वहिनी. आणि फळ माझ्या सीताफळाहून गोड होतं.