ढोलाचा मान

सुरेशदादा गेल्याची तार मला रत्नागिरीत, मी शिकवते त्या शाळेत मिळाली. कावीळ झाली होती, त्यानं अंगावर काढली. आता दीड-दोन महिने होतील. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी अभिमानानं सांगते, दादा माझ्याहून मोठ्यानं सांगायचा. त्याला स्वतःला मात्र गावाबाहेर पडता आलं नाही.

अलोऱ्याच्या वीज-प्रकल्पाच्या कॉलनीत तो वायरमनच्या हाताखाली होता. तिथल्या गणपतीत मुंबईचा ऑर्केस्ट्रा आला. बटण दाबलं की ठेका वाजवणारं यंत्र त्यांच्याकडे होतं. कॉलनी डिस्कोवर नाचत होती आणि दादा त्या यंत्राकडे बघत होता. कार्यक्रम संपल्यावर त्यानं त्याच ठेक्यात आमच्या पालखीचा ढोल मिसळून दाखवला. ऑर्केस्ट्राचा मालक म्हणाला, "मुंबईला ये. आता हेच चालणार." घरी बाबा म्हणाले, "ढोलाचा मान आपल्या घराचा. तू गेलास तर शिमग्याला पालखी कशावर नाचवू?" "शिमग्याला येईन की." "आनी न्हाय आलास तर? देवीला इचारू." गुरवानं कौल लावला. डावा पडला, म्हणजे देवीचा नकार... डाव्या कौलापुढे आमच्याकडे कोणी बोलत नाही. पुढच्याच जूनमध्ये मी कॉलेजात गेले. माझ्यासाठी देवीला कोणी विचारलं नाही. मुलीकडे कसला मान? एस.टी.त बसवताना दादा म्हणाला, "सुटलीस बाय. परत गुतू नको."

मग लग्नांत कॅसेटी आल्या. पोरं म्हणायची, "सुरेशभाऊ, ढोल ऱ्हाऊ दे, डिस्को लावा." स्पीकर तोच जोडून द्यायचा. मला एकदा म्हणाला, "ह्यो ठेका मानसाचा न्हाय, यंत्राचा. मला येतो ह्यो..." वायर गुंडाळत राहिला.

यंदा शिमग्याला आमच्या घरी दुखवटा. गावकरी ओटीवर बसले आणि चहा होईपर्यंत मान चुलत्यांच्या घरी गेलासुद्धा. कौल लावावा असं कोणाला सुचलं नाही. चुलतभावानं दादाच्या खोलीतला ढोल खुंटीवरून काढून नेला. आये दारात उभी होती. म्हणाली, "इतकंच व्हतं?"

पालखी वाडीत आली तेव्हा बाबा दादाच्या खोलीत होते. कडी आतून लावलेली होती.