बाळंतिणीच्या डोक्यावरून

सिडनीचं क्वेकर्स हिल सोडून ब्रिस्बेनला आल्यावर माझ्या नवऱ्याला बोटीची हौस आली. पोहता येत नाही, मासे खात नाही, तरी सेकंडहँड बोट दारात आली. "इथे सगळेच घेतात गं," म्हणाला. इथे सगळे सर्फिंगही करतात, ते त्याला सुचलं नाही हे माझं नशीब.

दसऱ्याला पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी बोटीची साग्रसंगीत पूजा केली. इंजिनाला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं. लिंबू मात्र चाकाखाली ठेवायचं असतं आणि बोटीला चाकं नसतात. शेवटी ते ट्रेलरच्या चाकाखाली चिरडलं. म्हणजे ट्रेलर सुरक्षित झाला, बुडणाऱ्या वस्तूचं कोणी बोललं नाही.

मग आम्ही चौघं मोरेटन बे या उपसागरातल्या एका बेटाकडे निघालो. चौथी आमची शाळकरी लेक. तिला डुगाँगचं वेड आहे. डुगाँग म्हणजे समुद्रगाय, मॅनेटीची चुलत बहीण: लठ्ठ, शांत, दिवसभर समुद्रतळाचं गवत चरणारी. आमच्या घरात इतकं निरुपद्रवी कोणीच नाही.

उथळ पाण्यात 'बोट हळू चालवा' अशी पाटी आली. नवऱ्याने पुण्यात नो पार्किंगच्या पाटीकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं आणि वेग तसाच ठेवला. ओहोटी लागायच्या आत त्याला बेटावर पोचायचं होतं.

"डॅड, स्लो डाऊन! दे फीड हिअर!" लेक ओरडली.

"होतील गं बाजूला."

"कोण होणार बाजूला?" सासूबाईंनी विचारलं.

लेकीने आपलं सगळं मराठी पणाला लावलं. "आजी, डुगाँग ग्रास खायला खाली जाते, ब्रीद करायला वर येते. वर बोट असली की तिला लागते. रिव्हरला पूर आला की मड ग्रासवर बसतो, मग खायला नाही. आणि बेबी एकच होतं, खूप इयर्सनी. आजी, लुक! मम अँड बेबी!"

समोर पाण्यात एक तपकिरी पाठ दिसली, तिला चिकटलेली एक लहान पाठ. आम्ही सरळ त्यांच्यावरच चाललो होतो.

"अरे गाढवा, बंद कर ते!" सासूबाई कडाडल्या. "बाळंतिणीच्या डोक्यावरून गाडी नेतोस?"

इंजिन बंद. माझ्या उभ्या संसारात नवऱ्याने इतक्या झटक्यात काही ऐकलेलं मला आठवत नाही.

सासूबाईंनी घराण्यातली झाडून सगळी बाळंतपणं केली आहेत. त्यांनी लगेच ताबा घेतला. मोठ्याने बोलायचं नाही, शिंकायचं नाही. "फक्त गवत खाते? पालेभाजीच ती. दूध चांगलं येतं." पिशवीतून डिंकाचा लाडू निघाला. "आजी, नो!" लेकीने त्यांचा हातच धरला. मी बाळंतीण नव्हते, पण लाडू वाया कशाला घालवा, म्हणून मी खाल्ला.

तेवढ्यात पिल्लाची आई बोटीजवळ वर आली. तिच्या पाठीवर पांढरे वण होते, एकाशेजारी एक. "प्रोपेलर," लेक हळूच म्हणाली.

"पोटाला नाही आणि वरून मार," सासूबाई म्हणाल्या. "वाईट सासर मिळालंय गं बिचारीला." मला हसू आलं आणि रडूही आलं. तोंडात लाडू असल्यामुळे दोन्ही अडकलं.

इतक्यात दुसरी बोट सुसाट येताना दिसली. लेक ओरडली, पण आवाज पोचेना. सासूबाई उठल्या आणि लाइफ जॅकेटवर खोचलेला पदर उपसून निशाणासारखा हलवू लागल्या. "अहो दादा! हळू!" आमची बोट डुलायला लागली. मी त्यांची कंबर गच्च धरली.

त्या बोटीवरच्या माणसाला वाटलं, आम्ही अडकलोय. वेग कमी करून तो लांबूनच म्हणाला, "यू राइट, मेट? इंजिन ट्रबल?"

आम्ही तिघींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घसा खाकरला.

"नो, मेट. इंजिन बंद कर प्लीज," गडबडीत तो मराठीतच म्हणाला आणि मग खाली बोट दाखवलं. "मम अँड बेबी. राइट हिअर."

माणसाने इंजिन बंद केलं. दोन बोटींच्या मधोमध पिल्लू वर आलं, फुस्स करून श्वास घेतला आणि आईपाशी खाली गेलं.

इंजिन बंद ठेवून बघत बसलो, तोवर ओहोटी लागली. आमची बोट वाळूत रुतली. आता बेट कुठलं आणि घर कुठलं! नवरा बोटीच्या काठावरून पाण्याकडे वाकून बसला होता.

"आई," तो कुजबुजला, "ते पिल्लू परत वर येईल ना गं?"