झेलिहा आत्याचा किलीम

झेलिहा आत्यासारखी फटकळ बाई आमच्या गावात दुसरी नव्हती. इमामालाही तोंडावर सुनवायची. पण दारात पाहुणा आला की तिची जीभ मऊ व्हायची, आणि तिथेच तिचा घात झाला.

आमच्याकडे बाई उतारवयात स्वतःसाठी एक किलीम, म्हणजे लोकरीची नक्षीदार सतरंजी, विणते. तो अंथरायचा नसतो. ती गेली की तिच्या शवपेटीवर तोच घालतात आणि दफन झाल्यावर मशिदीला देतात. आत्याचा कितीतरी हिवाळे मागावर होता. तांबड्यात निळी शिंगं, काठाला काळी वेल. तिचे डोळे गेले ते त्यातच.

इस्तंबूलहून पेलिन नावाची डिझायनर आली, जुन्या नक्ष्या शोधत. किलीम पाहून म्हणाली, "मावशी, असला मी जन्मात पाहिला नाही."

"मग तुझाच समज. ने," आत्या म्हणाली.

असं म्हणायचंच असतं. आणि पाहुण्याने छातीवर हात ठेवून "तुम्हालाच लाभो" म्हणायचं असतं. शेंबड्या पोरालाही हे कळतं. ही बया किलीम गाडीत टाकून मोकळी झाली. मी आडवी जाणार, तर आत्याने माझं मनगट धरलं. दिलेला शब्द ती मागे घेणार नव्हती.

पुढच्या वसंतात पेलिन पुन्हा आली ती एक खुर्ची घेऊन. बैठकीवर आणि पाठीवर आत्याचा किलीम, कापून खिळ्यांनी ठोकलेला.

"तुर्की नक्षीला तिकडे फार मागणी आहे, मावशी. तुमच्या किलीमच्या बाकीच्या खुर्च्या बर्लिनला विकल्या गेल्या. ही तुमची. खाली तुमचं नावही घातलंय."

"बैस बघू तिच्यावर," आत्या म्हणाली. पेलिन ऐटीत बसली.

"त्याच्यावर बसत नाहीत, पोरी. मेल्यावर त्याच्याखाली निजतात."

पेलिन ताडकन उठली. "अहो, मग दिलात कशाला? सांगायचं ना मला."

चोर तर चोर, वर शिरजोर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याच बोलली, "तू एकदा तरी नको म्हणायचं होतंस."

आणि चहा न विचारता तिला वाटेला लावलं. त्या घरातून पाहुणा कोरड्या तोंडाने गेलेला मी तेवढाच पाहिला.

आत्या त्याच वर्षी गेली. डोळ्यांनी अधू, दुसरा विणणार कुठून? मी पकडीने खुर्चीचे खिळे उपटले, तुकडे जोडून शिवले आणि पेटीवर घातले. ते छातीपासून गुडघ्यांपर्यंतच पुरले. तिकडे बर्लिनमध्ये माझ्या आत्याच्या पायांवर कोणीतरी रेलून बसलंय, आणि त्या पेलिनला मी मरेपर्यंत माफ करणार नाही.