उन्हाचा माणूस पावसात

माझं माहेर गगनबावड्याजवळ, घाटाच्या तोंडाशी. तिथं पावसाळ्यात चुलीवर दोरी बांधून कपडे वाळवायचे आणि भिजलं म्हणून कोणी कुरकुरायचं नाही. ह्यांचं गाव जतकडचं, बारा महिने कोरडं. लग्न ठरलं तेव्हा माझी आई एवढंच म्हणाली होती, "माणूस चांगला हाय, पर पावसाचा न्हाई."

कोल्हापुरात आम्ही मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहायचो. हे, मी, सासूबाई आणि आमची लहान मुलगी. हे सरकारी कचेरीत कारकून, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. सासूबाईंना मी आत्ती म्हणायची; सासरे, म्हणजे आबा, आमच्या लग्नाआधीच वारले होते. वैशाखात दुपारी सगळी पेठ दारं लोटून पडलेली असायची, तेव्हा हे दारापुढच्या तापलेल्या फरशीवर पाय पसरून पेपर वाचायचे. आषाढ लागला की ह्यांचं तोंड उतरायचं. दिवाळी सरली की स्वेटर, मफलर, पायांत मोजे, आणि वर, "ह्या गावाला थंडी म्हणजे नुसती शिक्षा हाय." माझ्या माहेरी पावसाळ्यात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. "तुमच्याकडं माणसाला बुरशी धरती," असं म्हणायचे. माझा भाऊ चिडायचा. "आन् तुमच्याकडं माणूस वाळून खारीक होतोय, ते न्हाई का दिसत दाजी?"

हे सगळं चेष्टेत चालायचं. पण एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं त्या सुमारास एका थंडीत मला पहिल्यांदा चेष्टा सुचेना.

पौष महिना होता. रंकाळ्याकडून असा वारा सुटायचा की सकाळी पाण्यात हात घालवत नसे. मी स्वेटर काढून दिला तर हे म्हणाले, "राहू दे. उकडतंय."

"पौषात उकडतंय?"

"हो, मग? मला उकडतंय तर उकडतंय!"

आवाज एवढा चढला की मुलगी माझ्यामागं लपली. मी त्यांच्याकडं नीट बघितलं. कपाळावर खरंच घाम होता.

त्यानंतर मी बघतच राहिले. वाकळ पायाशी ढकललेली. सकाळी गार पाण्यानं आंघोळ, कचेरीतून आल्यावर पुन्हा आंघोळ. मग पावडर आणि धुतलेला सदरा. ज्या माणसाला मी दर रविवारी दाढीची आठवण करून द्यायची, तो आता दिवसातून दोनदा नटत होता. आणि एवढं उकडणारा माणूस सदऱ्याचं गळ्यापाशीचं बटण मात्र कधी सोडत नव्हता. आंघोळ झाली की खोलीत येण्याआधीच ते लावलेलं असायचं. उकडतंय तर बटण का लावता, असं विचारलं की म्हणायचे, "सवय."

सवय नव्हती. मला त्यांच्या सगळ्या सवयी ठाऊक होत्या.

आत्तींचा संशय वेगळा होता. चहाचा कप उचलताना ह्यांचा हात थरथरायचा, बशी वाजायची. आत्तींनी आयुष्यात भावकीतली माणसं दारूपायी गेलेली बघितली होती. हे घरात शिरले की त्या काहीतरी निमित्त काढून जवळ जायच्या आणि वास घ्यायच्या. मग स्वयंपाकघरात येऊन मला सांगायच्या, "वास न्हाई." थोडं थांबून, "पर वास न येनारी बी असती म्हनं."

शेजारच्या बाईंनी करणीचा विषय काढला. त्यांच्या ओळखीचा कोणी अंगारा देणारा होता. आत्तींनी त्यांना दारातच थोपवलं. "आमी धम्म घेतला तवाच ते समदं सोडलं, बाई. पुन्यांदा आमच्या दारात ते नाव काडू नगा." मला अभिमान वाटला. पण दिवेलागणीला त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तिला इचारून तर बघ, करनी कोन करतंय ते तेवडं सांगतोय काय त्यो."

मी विचारलं नाही. करणी वगैरे मला वाटतच नव्हतं. मला बाई वाटत होती.

उन्हाळ्यात तर हे घरात ठरेनात. चैत्रात नळाखाली डोकं धरून बसायचे. भूक एवढी की भाकरी पुरेना, आणि तरी पँट कमरेवरून उतरायला लागली. कुठंतरी जाऊन हा माणूस झुरतोय, असा मी अर्थ लावला. कचेरीत नव्यानं लागलेल्या दोन मुली होत्या. संध्याकाळी शाळेतून येताना मी मुद्दाम वाट वाकडी करून कचेरीवरून यायची. त्या मुली आपल्या घाईनं बस गाठायला जायच्या. हे मागून एकटेच, रुमालानं मान पुसत बाहेर पडायचे.

आणि मग पावसाळा लागला आणि ह्यांचं कोडोली सुरू झालं. रविवार आला की सकाळी उठून, "कोडोलीला जातो, मोजणीचं काम हाय." कारकुनाला मोजणीचं काम, तेही रविवारी, तेही पावसात. पूर्वी पाऊस असला की दूध आणायला न जाणारा माणूस! आत्ती म्हणाल्या, "साहेबानं सांगितलं आसंल." संध्याकाळी हे आले की मी त्यांच्या चपला उचलून मोरीत न्यायची. कोडोलीची माती काळी, वारणेकाठची. ह्यांच्या चपलांना चिकटलेला चिखल तांबडा असायचा. तो चिखल मी जन्मापासून ओळखत होते. धुतला तरी पायाच्या भेगांत राहतो तो.

श्रावणात माझी वहिनी कानाच्या डॉक्टरला दाखवायला कोल्हापूरला आली. जेवता जेवता तिनं सहज विचारलं, "वन्सं, दाजी आमच्यावर रागावल्यात व्हय?"

"का गं?"

"गगनबावड्यात येत्यात, तुमच्या भावास्नी दोनदा दिसलं, आन् घराकडं याचं नाव न्हाई. ह्यांनी हाक मारली तर तोंड फिरवून गेलं म्हनं."

आत्तींचा हात ताटातच थांबला. मी वहिनीला आणखी भात वाढला. म्हणाले, "कामात असतील."

पुढच्या रविवारी हे निघाले, आणि त्यांच्यामागून पुढच्या एसटीला मी. आत्तींना सगळं सांगितलं होतं. त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं आणि मला एवढंच म्हणाल्या, "काय बी दिसलं तरी तितं वरडू नगंस. घरी घेऊन ये, मग मी हाय."

रंकाळा स्टँडवरून गाडी सुटली तेव्हा झिमझिम होती. कळे गाव मागं पडलं तसा पाऊस वाढला. खिडकीच्या फटीतून पाणी मांडीवर येत होतं, आणि शेतात इरली पांघरून वाकलेल्या बाया दिसत होत्या. गाडीत माझ्या ओळखीचं कोणी असू नये म्हणून मी पदर पुढं ओढून बसले होते. मनात एकेक बाई उभी करत होते. माझ्याच मुलखातली कोण असेल ती? शाळेतली कोणी? एखादी विधवा? माझ्याशी लहानपणी खेळलेली?

गगनबावड्याच्या स्टँडवर धुकं एवढं होतं की गाडीतून उतरल्यावर मागं वळले तर गाडी दिसेना. चहाच्या टपरीत एक म्हातारी बाई शेगडीला वारा घालत होती. मी चहा घेतला आणि विचारलं, कोल्हापूरचे एक गृहस्थ दर रविवारी येतात, बारीकसे, त्यांना बघितलंय का?

"गळ्यापातुर बटान लावल्यालं पावणं? बघिटलंय की. च्या घेत न्हाईत. गार पानी मागत्यात, ह्या पावसात!" तिनं माझ्याकडं खालीवर बघितलं. "तुमी कोन?"

"कुठं जातात ते?"

"जात्यात कुटं? त्या म्होरल्या पडक्या धर्मशाळंच्या कट्ट्यावर बसत्यात. गाडीच्या टायमाला उटून येत्यात."

"एकटेच?"

म्हातारी हसली. "त्या कट्ट्यावर कावळा बी बसत न्हाई, बाई. दुसरं कोन बसतंय?"

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. छत्री उघडली आणि निघाले.

धर्मशाळा म्हणजे तीन भिंती राहिल्या होत्या. लांबूनच मला कट्ट्यावर पाठ दिसली, उघडी. सदरा काढून बाजूला ठेवला होता, त्यावर दगड. मी आधी चपला मोजल्या. एकच जोड. मग भिंतीमागं जाऊन बघून आले. तिथं नुसतं गवत आणि पाणी. मी फिरून समोर आले तेव्हा हे डोकं मागं टाकून, डोळे मिटून, तोंडावर पाऊस घेत बसले होते. ह्यांच्या चेहऱ्यावर एवढी शांतता मी कित्येक महिन्यांत बघितली नव्हती. तापात कपाळावर कुणी ओली पट्टी ठेवावी तसा चेहरा.

आणि मान ताणलेली असल्यामुळं मला गळा दिसला. कंठाच्या खाली, दोन्ही बाजूंना सूज होती. ह्यांनी आवंढा गिळला तशी ती वर जाऊन खाली आली.

"अहो," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा हात गळ्याकडं गेला. मग सदऱ्याकडं. मग दोन्ही हात खाली पडले.

"तू कशी आलीस?"

"एसटीनं. ही कोडोली व्हय?"

त्यांनी ओला सदरा मांडीवर ओढला.

"कोण हाय ती?" मी विचारलं. गळा बघितला होता तरी विचारलं. एवढे महिने मनात धरलेलं वाक्य तोंडातून निघूनच गेलं.

"कोण ती?" त्यांना खरंच कळलं नाही. मग कळलं. आणि ते हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले. पावसात बसलेल्या माणसाचं रडणं ओळखायला वेळ लागतो. मी छत्री मिटून त्यांच्याजवळ बसले.

"आबांना आशीच गाठ आलती," ते म्हणाले. "गळ्याला. वर्षात गेले. तुला ठाऊक न्हाई, तू नव्हतीस तेव्हा. आधी वाळत गेले, मग..." त्यांनी हातानं पाणी झटकल्यासारखं केलं. "मला कळलं तेव्हा वाटलं, सांगून काय करायचं? आईनं एकदा बघितलंय ते."

"आणि इथं कशाला येता?"

"आत भट्टी पेटल्यागत होतंय गं. छातीत सारखं पळतंय. कोल्हापुरात कुठंच थंड वाटत न्हाई. एकदा कामासाठी आलतो इकडं, भिजलो, तर बरं वाटलं. तुला काय सांगू? जन्मभर तुमच्या पावसाला शिव्या दिल्या."

मी त्यांचं मनगट धरलं. नाडी अशी धावत होती की मला बोटांखाली धरवेना.

त्या दिवशी मी भावाकडं गेले नाही. पहिल्या गाडीनं ह्यांना परत घेऊन आले. दारात आत्ती उभ्या होत्या. मी काही सांगायच्या आत ह्यांनी स्वतःच बटण सोडलं. आत्तींनी गळ्यावरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. "तुज्या बापाची आशी नव्हती," त्या म्हणाल्या. "ती दगडागत होती. ही मऊ हाय." त्यांचा आवाज कोरडा होता. त्या स्वतःला समजावत होत्या की आम्हाला, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांना हात पुढं धरायला सांगितलं आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद थरथरत राहिला. भूक कशी, घाम कसा, झोप कशी, चिडचिड होते का, असं ते विचारत गेले आणि उत्तरं मीच देत गेले. हे चकित होऊन माझ्याकडं बघत होते. मी किती दिवस काय काय बघत होते ते त्यांना तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, "हा कॅन्सर वाटत नाही. थायरॉईड नावाची ग्रंथी असते गळ्यात, ती बेफाम झालीय. पण आणखी उशीर केला असता तर हृदयावर आलं असतं." मग मला म्हणाले, "बाई, तुम्ही बरं लक्ष ठेवलंत."

मी मान हलवली. लक्ष कशासाठी ठेवलं होतं ते त्यांना सांगायचं कारण नव्हतं. ह्या गोष्टीची मला तेव्हाही लाज वाटली नाही. भोळी असते तर ह्यांना हसत हसत डबा बांधून कोडोलीला पाठवत राहिले असते.

काही महिने गोळ्या झाल्या, मग मिरजेला ऑपरेशन. शुद्धीवर आल्यावर ह्यांना आवाज फुटेना. मी कान तोंडाजवळ नेला.

"खिडकी लाव," ते कुजबुजले. "गार वाटतंय."

माझ्यासाठी म्हणत असतील, असं मला वाटलं. बायकोचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून माणूस काहीही म्हणतो. मी खिडकी लावली नाही. आधी पायथ्याशी जाऊन चादर वर केली आणि तळपायाला हात लावून बघितला. पाय खरंच गार होते.

पुढं तब्येत भरली, हात स्थिर झाले. कोल्हापुरातच, कसबा बावड्याला थोडी जागा घेऊन आम्ही घर बांधलं. ह्यांनी पुढची खोली दक्षिणेला घेतली, दिवसभर ऊन यावं म्हणून. माहेरी मात्र आजार कोणाला पटला नाही. टपरीवाल्या म्हातारीनं सगळ्या बाजारात सांगितलं होतं, कोल्हापूरची बाई नवऱ्याला धरायला आलती म्हणून. ऑपरेशननंतरच्या दिवाळीला आम्ही सगळे गेलो तेव्हा वहिनीनं मला परड्यात बोलावलं आणि इकडंतिकडं बघून विचारलं, "वन्सं, आता तरी खरं सांगा. कोन हुती?"